तबल्यावर छत्री

जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. लातूरला कलेक्टर आले, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, उस्मानाबादला मारायच्या खेपा वाचल्या. पाऊस तेवढा नव्या पत्त्यावर यायला तयार नव्हता. जिल्हा होऊन चौथा उन्हाळा लागला, तेव्हा गावातल्या हौशी मंडळींनी ठरवलं की आपल्या जिल्ह्याचा आपला एक संगीत महोत्सव पाहिजे. दोन दिवसांचा, आणि उघड्यावर. जागा ठरली रेणापूरच्या पुढच्या एका पाझर तलावाची. तलावाच्या काठाची नव्हे, तलावाचीच. आत पाणी नव्हतं, गाळ वाळून फरशीसारखा झाला होता, आणि एवढी सपाट जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती. "अन् पाऊस आला तर?" असं बैठकीत एकानं विचारलं. त्यावर सगळे इतके हसले की त्या हशातच जागा मंजूर झाली.

गुरुलिंगला ही बातमी कळली तेव्हा तो आप्पांच्या दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसून मासिक वाचत होता. नांदेडच्या कॉलेजातून तो पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला होता, वर्ग दुसरा. त्याचे वडील ईश्वरप्पा यांचा लातूरच्या आडत बाजारात बारदान्याचा धंदा. तुरीची, करडईची रिकामी पोती घ्यायची, झटकायची, ठिगळं लावायची आणि परत विकायची. यात पदार्थविज्ञानाला वाव कमी होता. गुरुलिंग वाव शोधत असे. दुकानाच्या काट्यातली चूक त्याने एकदा सिद्ध करून दाखवली होती. ती चूक दुकानाच्या बाजूची होती असं निघाल्यावर आप्पांनी त्याला काट्याजवळ फिरकायची बंदी केली.

नांदेडच्या वाचनालयात त्याने कधीतरी वाचलं होतं, की परदेशात माणसं उन्हाळ्यात बायकामुलांसह तंबू घेऊन संगीताला जातात. दोन दिवस तिथेच राहतात, तिथेच शिजवतात, आडवं पडून गाणं ऐकतात. ही कल्पना त्याच्या मनात घर करून बसली. त्या वर्णनात नदी, हिरवळ आणि गार वारा या तीन गोष्टीही होत्या, हे मात्र तो विसरला होता.

पण खरं कारण तंबू नव्हतं. खरं कारण दानम्मा आत्या होती.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच होती. सोमवारी महादेवाच्या देवळात बायकांचं भजन असे, ते तिच्या जिवावर चाले. देवळात एक माईकही होता, पण तो पुरुषांच्या भजनाला. "बायकांच्या आवाजानं माईक किंचाळतो," असं पुजारी सांगत. माईक किंचाळतो तो कर्ण्याचं तोंड माईककडे असल्यामुळे, हे गुरुलिंगने पुजाऱ्यांना आकृती काढून समजावलं. पुजाऱ्यांनी आकृती बघितली, अंगारा लावून त्याला वाटेला लावलं. आत्याची साठी जवळ आली होती. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "माझा आवाज माईकमधून कसा येतो, तेवढं एकदा ऐकायचंय मला. मग बास." तिने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं गुरुलिंगला आठवत नव्हतं. महोत्सवात रविवारी सकाळी आठला 'जिल्ह्यातील कलावंत' असा एक कार्यक्रम होता, त्यात त्याने तिचं नाव घातलं. तबल्याला आप्पा होतेच. पेटीला आप्पांचे जुने दोस्त करीमचाचा. ते गंजगोलाई पेठेत पेट्या दुरुस्त करत, आणि बाजारात उधारीवरून भांडणं झाली की ती मिटवत.

"सकाळच्या गाडीनं जाऊ की मग," आप्पा म्हणाले.

"त्याने आत्याचा घसा धुळीने बसेल," गुरुलिंग म्हणाला. "आदल्या दिवशी जायचं, तिथल्या हवेची गळ्याला सवय करायची. तंबूत राहायचं."

"चांगलं घर असताना रानात निजायचं," आई म्हणाली. शांतम्मांचा स्वभाव मुळात शांत नव्हता. "गल्लीतले इचारतील, घरात भांडण झालं का म्हणून."

"तंबू आणायचा कुठून?" आप्पांनी विचारलं. विचारताना त्यांची नजर पोत्यांच्या थप्पीवर गेली, आणि तिथंच प्रश्न संपला. बारदान्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला पोत्यातून काहीही होऊ शकतं असं वाटतं. आठ दिवसांत दाभण-सुतळीने पोती जोडून तंबू तयार झाला.

शनिवारी दुपारी ते तलावात उतरले. बाजारातल्या एका ओळखीच्या टेंपोत तंबू, पाण्याची दोन पिंपं, चूल, पिठाचा डबा, तबला-डग्गा, पेटी आणि पाच माणसं. बाकीचे लोक बांधाजवळच्या शाळेच्या वऱ्हांड्यात उतरले होते. गुरुलिंगने मात्र दिशा बघून, वारा बघून, तलावाच्या बरोबर मध्यावर तंबू ठोकला. त्याने खिशातून प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढून आत टांगला. बाहेर त्रेचाळीस होतं, आत सेहेचाळीस. शिवाय पोत्यांत राहिलेला तुरीचा भुसा उडून सगळे पाळीपाळीने शिंकत होते.

"परदेशात असंच असतंय का रे?" आईने विचारलं. आणि शिंकली.

"गुरूमियां, मैं बाहर ही ठीक हूं," करीमचाचा म्हणाले. पण बाहेर सावलीच नव्हती, म्हणून तेही आत येऊन शिंकू लागले.

मग गुरुलिंगला सुचलं. हे खरं तर त्याला घरीच सुचलं होतं, तो योग्य वेळेची वाट बघत होता. "पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं," तो म्हणाला. "वाऱ्याकडची पोती भिजवली, की आत येणारा वारा—"

"माठ गार कसा राहतो ते मला नको शिकवू."

"तेच आई. आपण माठात राहायचं."

त्याने तांब्याने वाऱ्याकडची सगळी बाजू भिजवली. कोरडी गरम हवा ओल्या पोत्यांतून आत आली आणि घटकाभरात पारा सरसर खाली उतरला. भुसाही चिकटून बसला. शिंका थांबल्या. तंबूत खस लावल्यासारखा गारवा आला, त्याला ओल्या तागाचा वास. आत्या भिंतीला पाठ लावून बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "देवणीला आजोळी असताना विहिरीत उतरायचे, तसं वाटून राहिलं." ही बातमी शाळेच्या वऱ्हांड्यापर्यंत गेली. तिथून दोन तबलजी, एक सनईवाला आणि कमिटीचे मडिवाळप्पा गुरुजी तंबू बघायला आले आणि बघायला आलेले तिथंच आडवे झाले. गुरुजींना उद्याचं सूत्रसंचालन होतं, तरी ते उठेनात.

"वाद्यंही आत घ्या," गुरुलिंग म्हणाला. "एवढ्या उन्हात तबल्याची पुडी तडकेल." तबला-डग्गा सगळ्यात गार जागी, ओल्या पोत्यांना लागून ठेवला. करीमचाचांनी पेटीही त्याच्या शेजारी ठेवली. तीस वर्षं तबला वाजवणारे आप्पा, तीस वर्षं पेट्या दुरुस्त करणारे करीमचाचा आणि शाळेवरून आलेले दोन तबलजी हे सगळं डोळ्यांनी बघत होते. पण ते सगळे आडवे होते. आडव्या माणसाला इतरांच्या चुका दिसतात, गारवा देणाऱ्याच्या दिसत नाहीत.

आप्पा तर त्या दिवशी, डोळे न उघडता, एक वाक्य बोलले. "शिकवल्याचा उपेग झाला म्हणायचा." या वाक्याची गुरुलिंग तीन वर्षं वाट बघत होता. त्या आनंदात त्याने पोती आणखी एकदा भिजवली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"काय करून राहिलास बाबा? पोत्याला तहान लागली व्हय?"

तलावाच्या वरच्या अंगाला एक वस्ती होती. तिथली केवळाबाई रिकामी घागर काखेत घेऊन उभी होती. टँकर आज आलाच नव्हता, म्हणून ती महोत्सवाच्या टँकरकडे बघायला आली होती. तोही आला नव्हता. आणि इथे एक शिकलेला पोरगा तांब्यातांब्याने तागाला पाणी पाजत होता.

गुरुलिंगने तिला बाष्पीभवन समजावून सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आयुष्यातली काही मोजकी शहाणपणाची कामं आहेत. ते तोंड वेळेवर मिटलं, हे त्यातलं एक.

आत्या तंबूतून बाहेर आली. तिने घागर बघितली, पिंप बघितलं. "गुरू, घागर भर तिची."

"आत्या, संध्याकाळी पोती परत भिजवावी—"

आत्याने फक्त बघितलं. गुरुलिंगने घागर भरली. केवळाबाई म्हणाली, "बाई, तुम्ही गाणाऱ्या हाव का?" आत्या लाजून म्हणाली, "उद्या सकाळी हाय. पहिल्यांदाच माईकवर." "मग येते की. पाणी पिऊन गाणं ऐकल्याबिगर कसं जायचं," असं म्हणून ती गेली. थोड्या वेळाने वस्तीवरच्या आणखी बायका आल्या, त्यांच्या घागरीही भरल्या. पुण्य आत्याच्या नावावर पडलं. तांब्या धरून वाकायचं काम गुरुलिंगच्या. एक पिंप संपलं. दुसरं राहिलं होतं, पण दिवस मावळताना आप्पाच म्हणाले, "गुरू, आणिक एक हात मार की भिंतीवर. सवय झाली बघ." आणि शेवटचा हात जरा सढळ पडला.

संध्याकाळी पहिला कार्यक्रम होता बाहेरगावाहून आलेल्या एका मोठ्या गवयाचा. ते फार तयारीचे होते, पण दहा मिनिटांतच वैतागले. व्यासपीठाचं तोंड पूर्वेला, आणि समोर तलावाचा दगडी बांध. कर्ण्यांमधून गेलेली तान बांधावर आपटून परत येत होती, आणि बुवा दुसरी तान घेत तोवर पहिली त्यांच्या अंगावर येत होती. "माझं मलाच कोण परत पाठवतंय?" असं ते माईकमध्येच म्हणाले, आणि तेही परत आलं. लोकांना हे फार आवडलं.

गुरुलिंगला अर्थातच उपाय माहीत होता. मध्यंतरात तो मडिवाळप्पा गुरुजींकडे गेला. "बांधावर पोती टांगली तर आवाज शोषला जाईल. उद्या सकाळपर्यंत करून देतो."

"उद्या सकाळी आपलेच लोक हायेत," गुरुजी म्हणाले. "त्यांच्यासाठी कशाला?"

शिवाय तंबूची सोडून दुसरी पोती नव्हतीच. गुरुलिंग हिरमुसून परत आला आणि गार तंबूत, सगळ्यांसारखा, गाढ झोपला.

रविवारी उजाडताच पहिली गोष्ट कळली ती आईला. "पिंपात तांब्याभर पाणी हाय," ती म्हणाली. "तांब्याभर. पाच माणसात. तुझ्या पोत्यानं आंघोळ केली, आपण कोरडेच."

टँकर नव्हता. घरात लिंगपूजा झाल्याशिवाय आत्या आणि आप्पा पाण्याचा थेंब घेत नसत, चहा तर लांबच. आत्या पूर्वेकडे तोंड करून बसली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं, ओंजळभर पाण्यात पूजा केली, भस्म लावलं, बेल वाहिला, तेवढंच तीर्थ घेतलं. उरलेलं पाणी तिने आप्पांकडे सरकवलं. गायच्या आधी घशाला मिळालं ते एवढंच. ती रागावली असती तर गुरुलिंगला बरं वाटलं असतं.

मग आप्पांनी तबल्यावरचं फडकं काढलं आणि थाप मारली.

आवाज आला तो धप्प. पिठाच्या डब्यावर हात मारावा तसा. आप्पांनी दुसऱ्या बाजूला मारली. धप्प. त्यांनी हातोडी घेऊन गट्टे ठोकले, चारी बाजूंनी ठोकले, वादी ताणता येईल तेवढी ताणली. तबला काळी चारच्या सुरात लावलेला होता, आत्याची पट्टी तीच. आता तो काळी दोनच्याही खाली कुठेतरी ओल्या घोंगडीसारखा पसरला होता. कातड्याने रात्रभर गारवा प्यायला होता. जेवढा माणसांनी, तेवढाच त्यानेही.

"पुडी तडकेल म्हणत होतास न्हवं?" आप्पा म्हणाले. "तडकली असती तर निदान आवाज तरी आला असता."

गुरुलिंगने करीमचाचांकडे बघितलं. करीमचाचांनी भाता हलवला मात्र, आणि पेटीने कुणी बोट न लावता एक लांबलचक सूर धरला. लाकूड फुगून पेटीवरची काळी तीनची पट्टी दाबल्यासारखी खाली बसली होती. चाचांनी ती उचलून बघितली, नखाने खरवडली, फुंकर मारली. ती उठली नाही. "खानदानी पेटी है," ते शेवटी म्हणाले. "एक बार बात पकड़ी तो छोड़ती नै." पेट्या दुरुस्त करायची त्यांची हत्यारं लातूरला दुकानात होती.

"तबला उन्हात ठेवू," गुरुलिंग म्हणाला. "कातडं वाळलं की चढेल. काळी तीनपर्यंत आला की पेटीशी जुळेल. आत्या, एक सूर खाली गाशील?"

"तू म्हणशील तिथून गाईन बाबा," आत्या म्हणाली. "तेवढं आणिक काही सुधरू नको."

पण उन्हात ठेवायला वेळच मिळाला नाही. त्यांच्या आधीचा सनईवाला गार तंबूच्या आठवणीत शाळेत झोपून राहिला होता, आणि मडिवाळप्पा गुरुजींनी माईकवरून आत्याचं नाव पुकारलं.

व्यासपीठावर गेल्यावर कळलं की ऊन तिथंच आहे. सूर्य बांधाच्या वर आला होता आणि ऊन तिरपं थेट गाणाऱ्यांच्या तोंडावर पडत होतं. छताचा उपयोग फक्त वरून येणाऱ्या उन्हाला. आप्पांनी तबला मांडला आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत चढायला लागला. प्रेक्षकांकडची बाजू तापून वर गेली, आप्पांकडची सावलीतली बाजू तशीच राहिली. एका तबल्यात दोन तबले झाले. आप्पा एका बाजूला ठोकत, तोवर दुसरी बिघडे.

"यहीं रोको इसकू," करीमचाचा कुजबुजले. पेटी काळी तीनचा सूर सोडत नव्हती, आणि तबला नेमका त्याच्या आसपास आला होता.

गुरुलिंग धावत तंबूकडे गेला, आईची काळी छत्री घेऊन आला आणि व्यासपीठावर चढून त्याने ती तबल्यावर धरली. ऊन समोरून येत होतं म्हणून छत्री प्रेक्षकांकडे झुकवावी लागली. त्यामुळे आप्पा दिसेनासे झाले. लोकांना दिसत होती ती एक काळी छत्री आणि तिच्या मागून येणारे हातोडीचे ठोके.

समोर फार गर्दी नव्हती. मोठ्या गवयासाठी आलेले लोक अजून शाळेजवळ दातवण करत होते. पुढच्या रांगेत मात्र केवळाबाई आणि वस्तीवरच्या सगळ्या बायका, घागरी मांडीला लावून बसलेल्या. त्यांनी व्यासपीठावर उघडलेली छत्री बघितली. दुष्काळात तीन वर्षं बंद असलेली वस्तू.

"पाऊस येऊन राहिला का काय?" एकीने विचारलं.

"ह्याला आधी कळलं असंल," केवळाबाई म्हणाली. "शिकलेला हाय. पोत्याची तहान कळती त्याला."

मडिवाळप्पा गुरुजींनी माईक घेतला. त्यांना सूत्रसंचालनात काही सोडायची सवय नव्हती. "शिवभजन सादर करत आहेत दानम्माबाई. पेटीवर जनाब करीम. तबल्यावर ईश्वरप्पा. आणि," इथे ते जरा थांबले, वळून बघितलं, "छत्रीवर गुरुलिंग." हे बांधावर आपटून परत आलं. छत्रीवर गुरुलिंग. पदवीदान समारंभातही त्याचं नाव इतकं स्वच्छ कुणी उच्चारलं नव्हतं.

आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गायला सुरुवात केली. आजोळी शिकलेलं महादेवाचं जुनं पद, निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, जरा कोरडा. आप्पांनी ठेका धरला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधल्यासारखं दिसायला लागलं. ओळ संपवून ती मान वळवून हळूच म्हणाली, "गुरू, माझा आवाज कुठं हाय?"

"येतोय की आत्या. माईक चालू आहे."

"मला न्हाई येऊन राहिला. मी बोलते तेवढाच येतोय. घरच्यासारखा."

आणि गुरुलिंगच्या हातातली छत्री जड झाली. दोन्ही कर्णे व्यासपीठाच्या कडेला, लोकांकडे तोंड करून होते. कर्ण्याचा आवाज पुढे जातो, मागे येत नाही. देवळात पुजाऱ्यांना आकृती काढून त्याने हेच सांगितलं होतं: कर्णा माईकच्या पुढे, तोंड पलीकडे. घसा, धूळ, वारा, बाष्प, ताग, या सगळ्यांचा विचार त्याने केला होता. आत्याने मागितलं होतं फक्त एक, आणि त्यासाठी तिला नेमकं त्याच जागी आणून बसवलं होतं, जिथून ते ऐकू येणार नव्हतं. सगळ्या तलावाला ऐकू येत होतं. तिला सोडून.

आत्या पुढची ओळ गायली, पण आता ती नुसती कामाला लागल्यासारखी गात होती. तेवढ्यात प्रेक्षकांकडची तापलेली बाजू छत्रीखाली पुन्हा उतरली. एक थाप काळी तीनात पडली, दुसरी कुठल्यातरी भलत्याच गावी. आप्पा हातोडी उचलणार, तोच आत्या गाता गाता हात वर करून म्हणाली, "ईशा, ऱ्हाऊ दे. वाजवू नको. नुसती पेटी असू दे."

आप्पांनी हात मांडीवर ठेवले. राहिला फक्त पेटीचा तो अडकलेला एक सूर. करीमचाचांना आता एकाच हाताचं काम होतं, ते भाता हलवत राहिले. आत्याने ओळ म्हटली आणि श्वास घ्यायला थांबली.

त्या थांबण्यात बांधाकडून एक बाई गायला लागली.

सकाळची वेळ, माणसं थोडी, ठेका बंद. कर्ण्यांतून गेलेला आवाज दगडांवरून सगळाच्या सगळा परत आला. मोठा, लांबून आलेला, थोडा घोगरा, शेवटचा स्वर जरा लांबवणारा. आत्या शेवटचा स्वर तसाच लांबवते, हे गुरुलिंगला लहानपणापासून माहीत होतं. आत्याला मात्र ते आत्ता कळत होतं.

तिने पुढची ओळ अर्धीच म्हटली आणि मुद्दाम थांबली. अर्धी ओळ परत आली. तिने मान तिरपी करून ऐकली, जशी सोमवारच्या भजनात नव्या बाईची परीक्षा घेताना ऐकायची. मग ती रीतसर तसंच गाऊ लागली. एक ओळ स्वतः म्हणायची, एक त्या बाईला म्हणू द्यायची. मागच्या रांगेत कुणी बोलायला लागलं, तेव्हा केवळाबाई न वळताच म्हणाली, "ए, गप की. तिला तिचं ऐकू दे."

गुरुलिंग उभाच होता. तबला वाजत नव्हता, त्यामुळे तो चढला काय आणि उतरला काय, कुणाला फरक पडत नव्हता. छत्री मिटावी तर तिची काडी खटकन वाजायची, आणि तेही बांधावरून परत यायचं. म्हणून एका मुक्या तबल्याला ऊन लागू नये याची काळजी घेत, भरल्या उजेडात, वस्तीवरच्या सगळ्या बायकांसमोर, तो पदाच्या शेवटापर्यंत छत्री धरून उभा राहिला. हाताला रग लागली. काल बुवांसाठी बांधावर पोती टांगायची परवानगी मिळाली असती तर, हा विचार मधेच मनात आला, आणि मडिवाळप्पा गुरुजींविषयी त्याला प्रथमच प्रेम वाटलं.

पद संपलं. टाळ्या दोनदा आल्या, एकदा समोरून, एकदा बांधावरून. करीमचाचांनी भाता सोडला तरी पेटी थोडा वेळ गुणगुणत राहिली. आत्या उठली, माईकला हात लावून कपाळाला लावला आणि सावकाश पायऱ्या उतरली. गुरुलिंग मागोमाग उतरला. छत्री अजून उघडीच होती.

"आत्या," त्याने विचारलं, "कसा वाटला?"

आत्याने बांधाकडे बघितलं. तिकडे आता नुसतं ऊन होतं.

"माझ्याहून म्हातारी हाय बया," ती म्हणाली. "पण सुरात हाय."

दोन पावलं चालून ती थांबली. "अन् आता ती छत्री माझ्यावर धर. तबल्याला लागू दे ऊन."